जीप कोणी सोडली

आमच्या टॉवरमध्ये इन्स्ट्रक्टरने कानावरचा हेडसेट काढून टेबलावर ठेवला, की शिकणाऱ्याचं कौतुक झालं असं समजायचं. तोंडाने 'छान' वगैरे कोणी म्हणत नसे. हेडसेट खाली ठेवला, खुर्ची थोडी मागे सरकवली, की समजायचं.

नियम याच्या बरोबर उलटा होता. प्रशिक्षण केंद्रातले महिने संपले की पुढचं सगळं खऱ्या विमानतळावर, खऱ्या विमानांशी बोलत शिकावं लागतं. केंद्रातल्या पडद्यावर दोन विमानं एकमेकांत घुसली तर मास्तर पडदा थांबवतात आणि सगळे चहाला जातात. इथे लायसन्स इन्स्ट्रक्टरचं आणि आवाज आपला. म्हणून दोघांचे हेडसेट एकाच टेबलात जोडलेले असावे लागतात. मी काही चुकीचं बोलले, तर त्याच क्षणी बटण दाबून त्यांनी माझा आवाज तोडायचा आणि स्वतः बोलायचं. असे ठरावीक तास भरले, वहीत दोघांच्या सह्या झाल्या, की परीक्षा. परीक्षेनंतर रेटिंग, म्हणजे एकटीने विमानं हाताळण्याची परवानगी. रेटिंग नसेल तर त्या काचेच्या खोलीत मी फक्त पाहुणी.

माझ्या आधी आलेल्या मुलासमोर आमच्या इन्स्ट्रक्टर सरांनी दुसऱ्याच महिन्यात हेडसेट काढला होता. माझा चौथा महिना चालू होता. माझा आवाज लहान. शाळेत, कॉलेजात, कुठेच मी हात वर करून बोलले नव्हते. वैमानिक पुन्हा पुन्हा 'परत सांगा' म्हणायचे आणि मागून सर म्हणायचे, "अगं, पायलटला सांगतेयस की देवाला? देवाला हळू चालतं. पायलटला मोठ्याने सांग."

ते वाईट शिक्षक नव्हते, हेही लिहायला हवं. वाऱ्याची दिशा बदलली की पुढच्या पाच मिनिटांत काय काय बदलेल, हे त्यांनी मला बोटांवर मोजायला लावलं. थर्मासमधला चहा पहिल्यांदा मला द्यायचे. मग एका दुपारी त्यांनी हेडसेट काढला, टेबलावर ठेवला आणि मागच्या टेबलाशी जाऊन बसले. त्या दिवशी मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'आज सर ऐकतसुद्धा नव्हते. मी एकटीने केलं.' मला इतका आनंद नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

खरं कारण मला माहीत होतं, तरी मी ते बाजूला ठेवलं. माणसं कमी होती. सर इन्स्ट्रक्टर होते आणि शिफ्टचे प्रमुखही. ड्यूटीच्या यादीचे फोन, हवामान खात्याचे फोन, आणि धावपट्टीवर फिरणाऱ्या गाड्यांशी बोलायचा वॉकीटॉकी, हे सगळं मागच्या टेबलावर होतं आणि हेडसेटची वायर तिथपर्यंत पोचत नव्हती. त्यानंतर ते बहुतेक मागेच बसले. वहीत मात्र आम्ही दोघं रोज सह्या करत होतो. तास देखरेखीखालचे, असं वर छापलेलंच होतं.

गाड्यांमध्ये एक पिवळी जीप होती. धावपट्टीची पाहणी करायची, खडा किंवा मेलेला पक्षी पडलेला असेल तर उचलायचा, जिवंत पक्षी बसले असतील तर फटाके वाजवून उडवायचे, हे तिचं काम. चालवणारा ठेकेदाराचा माणूस, पंचेचाळिशीचा. वॉकीटॉकीवर तो हिंदी बोलायचा. पण हिंदीतही त्याचे शब्द जसे लांबायचे, ते ऐकून मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की हा आमच्याच बाजूचा आहे. मी काही बोलले नाही. शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली तर मुली हसायच्या, आणि मोठ्या शहरातल्या हॉस्टेलमध्ये तर 'का'ऐवजी निघालेल्या माझ्या एका 'काऊन'वर पूर्ण वर्ष काढलं होतं लोकांनी. तेव्हापासून मी जपून असते.

त्यानेच एकदा पकडलं. कॅन्टीनच्या मागे मी पप्पांशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर हा हातात चहाचा ग्लास घेऊन उभा.

"मॅडम, तुम्ही तं आमच्या इकडल्या निंगाल्या. कोठल्या, बुलडान्याच्या?"

"खामगाव," मी म्हणाले.

"घ्या! म्या उंद्रीचा. अन् चार महिने झाले, मी तुमच्याशी हिंदी झाडून राह्यलो."

मी हसले आणि जिना चढून वर गेले. एवढीच ओळख.

ज्या दुपारचं हे सगळं आहे, त्या दुपारी ऊन कडक होतं. अशा उन्हात धावपट्टीचं दूरचं टोक वितळल्यासारखं हलतं. मी खुर्चीवर, सर मागे. एक विमान उतरायला येत होतं. वैमानिकाने अंतर सांगितलं. मी समोरच्या पट्ट्यांच्या फळीकडे पाहिलं. प्रत्येक विमानासाठी त्या फळीवर एक कागदी पट्टी असते. धावपट्टीवर एखादी गाडी असेल, तर सगळ्यांच्या वर एक लाल पट्टी आडवी ठेवायची. लाल पट्टी आहे तोवर कोणालाही उतरायची परवानगी द्यायची नाही. विसरण्यासारखंही काही नाही, इतकी सोपी गोष्ट. ज्याने गाडी आत सोडली त्याने पट्टी ठेवायची किंवा ठेवायला सांगायची.

लाल पट्टी फळीवर नव्हती, बाजूला पडली होती. मी धावपट्टीवरही नजर फिरवली. पण पट्टी नाही म्हणजे गाडी नाही, हे डोक्यात आधीच पक्कं करून फिरवली. अशा नजरेला काही दिसत नाही. मी उतरायची परवानगी दिली, वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणून दाखवली.

मग दूरच्या टोकाला पक्ष्यांचा थवा उठला. पक्षी उगाच उठत नाहीत. त्यांच्याखाली, उन्हाच्या त्या पाण्यात, काहीतरी पिवळं हलत होतं.

माझा आवाज त्या वेळी मोठा निघाला. रेकॉर्डिंग नंतर ऐकवलं, तेव्हा मलाच ओळखू आला नाही. उतरू नका, वर जा. वैमानिकाने उलट प्रश्न केला नाही. विमान आमच्या काचांसमोरून गुरगुरत वर गेलं. किती जागा उरली होती वगैरे गणितं पुढे पुष्कळांनी केली. मला आठवतं ते मागून आलेलं वाक्य.

"अरे देवा, मीच सोडलं होतं त्याला!"

सर धावत आले. हेडसेट कानाला लावला. लाल पट्टी उचलली आणि फळीवर आडवी ठेवली. आता. तेवढ्यात मागच्या टेबलावरचा वॉकीटॉकी बोलला, आणि या वेळी हिंदी नव्हतं. "टावर, मी भायेर येऊन राह्यलो. भायेर येऊन राह्यलो. इमान काऊन येऊन राह्यलं होतं?"

अर्ध्या तासाने दुसरा माणूस बोलावून मला खुर्चीवरून उठवलं. सरांनी मला जिन्यात नेलं. त्यांनी हात खिशात घातले.

"घाबरू नकोस. तू वाचवलंस. तसंच लिहिलं जाईल. फक्त मी हेडसेटवर होतो, इतकं लक्षात ठेव."

"तुम्ही मागे होता, सर."

"आज मागे होतो, तर काल कुठे होतो? परवा?" त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. समजावत होते, वाऱ्याच्या दिशेबद्दल समजवायचे तसेच. "एक दिवस खोटा ठरला की तुझी सगळी वही खोटी. सही तुझीपण आहे. चार महिन्यांचे तास गेले. मग रेटिंग विसर."

"आणि जीप?"

"जीपचं मी बघतो."

ते कसं बघतील, हे मला दोन दिवसांनी कळलं. वॉकीटॉकीच्या वाहिनीचं रेकॉर्डिंग बरेच दिवस बंद होतं. दुरुस्तीचा कागद कुठेतरी पडून होता आणि हे टॉवरमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. सरांनी लिहून दिलं की त्यांनी जीपला परवानगी दिलीच नाही, जीप आपल्या मनाने आत शिरली. त्या खोलीत त्या वेळी आम्ही दोघंच होतो. चौकशी होईपर्यंत मला टेबलावर बसता येणार नव्हतं. घरी जा, ऑफिसवाले म्हणाले, आणि आठवड्याभरात तुझं निवेदन मेलवर पाठव.

मी खामगावला आले. आईला सांगितलं, सुट्टी शिल्लक होती. आईने दुसरं काही विचारलं नाही. तिला मी घरी हवीच होते, दाखवायला. माझी 'एकटीने केलं'ची बातमी तिने तोवर सगळ्या कॉलनीत पोचवली होती. समोरच्या काकू गेटवरून ओरडल्या, "काय वं, तू हात दाखोल्याशिवाय इमान उतरत नाई म्हने!" आई शेजारी उभी राहून, स्वतःच हात दाखवल्यासारखी, हसत होती.

पप्पांचं जिनिंगच्या कारखान्यांना पट्टे आणि बेअरिंग विकायचं दुकान आहे. ते दिवसभर तिकडे. मी वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचे. पहिल्या तीन दिवसांत मी जे घडलं ते लिहून काढलं होतं. सर मागे बसले होते. वॉकीटॉकीवर काहीतरी बोलले, पण मी तेव्हा वैमानिकाशी बोलत होते, ते मला कळलं नाही. लाल पट्टी नव्हती. विमान वर गेल्यावर ते म्हणाले, मीच सोडलं होतं त्याला. पट्टी त्यांनी नंतर ठेवली. पान-दीड पान. पाठवायचं बटण तेवढं दाबलं नव्हतं. उद्या वाचून पाठवू, असं मी रोज संध्याकाळी ठरवायचे.

चौथ्या दिवशी, रविवारी, जीपवाला आला.

खामगावात एवढ्या घरांतून माझं घर त्याला सापडलं कसं, याचं उत्तर सोपं होतं. बसस्टँडवर उतरून त्याने पानठेल्यावर विचारलं, इमानवाली पोट्टी कोठी राह्यते. आईच्या कृपेने पानवाल्यालाही पत्ता पाठ होता.

पप्पांनी त्याला आत घेतलं. मी खाली आले तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि पायाशी कापडी पिशवी होती.

"भावाच्या वावरातले वांगे हायेत, वहिनी," तो आईला म्हणाला. "रिकाम्या हातानं कसं यावं."

"काऊन तरास घेतला?" म्हणत आईने पिशवी उचलली.

उंद्रीचा म्हटल्यावर पप्पांनी दोन-तीन माणसं विचारली, त्याने दोन-तीन माणसं सांगितली, त्यातला एक पप्पांचा जुना गिऱ्हाईक निघाला. चहा झाला. मग तो माझ्याकडे वळला, आणि गावाकडच्या घरात, आईबापासमोर बसूनही मला मॅडमच म्हणाला.

"मॅडम, मले कामावरून बसोलं. ठेकेदार म्हनते, चौकशीत सुटला तं ये, नाईतं दुसरा मानूस घेतो. सात वरीस झाले. मी बिगर परमिशनचा कधी आत गेलो का? तुम्हीच सांगा."

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते चहाचा कप हातात धरून ऐकत होते.

"सर म्हनले, जा. म्या सोताच्या कानानं ऐकलं. आता ते म्हनतात, म्या काही म्हनलंच नाई. तिथी तुम्ही होत्या. तिसरं कोनी नव्हतं."

"माझ्या कानावर हेडसेट होता," मी म्हणाले. ऑफिसच्या आवाजात, ऑफिसच्या मराठीत. आईने चमकून माझ्याकडे पाहिलं. घरात मी अशी बोलत नाही. "वॉकीटॉकीवरचं मला ऐकू आलं नाही."

हे खरं होतं. त्याने मान हलवली.

"हाव. तेही बरोबरच हाये. कानाले ते लावलं तं कसं ऐकू येईन." त्याने रिकामा कप खाली ठेवला. "पन मंग इमान वर गेल्यावर? सरानं काही म्हनलं नाई का? घाबरला मानूस खरं बोलते, म्हून इचारतो."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला फक्त एक वाक्य हवं होतं, आणि ते माझ्याकडे वरच्या खोलीत टाइप केलेलं तयार होतं. मी 'हो' म्हटलं असतं, तर पप्पांनी पुढचा प्रश्न विचारला असता. सर मागे बसले होते, तर वहीत सह्या कशा केल्या? इतके दिवस खोटं लिहिलं का बेटा? ग्रुपवर तेच आम्हाला कौतुकाने सांगत होतीस का? हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. काय बदलेल हे बोटांवर मोजायला सरांनीच शिकवलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "काही म्हणाले नाहीत."

तो मग उठला. "बरं. नसन मंग."

पप्पा त्याला गेटपर्यंत सोडायला गेले. खिडकी उघडी होती. पप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला मला दिसला. "भाऊ, वाईट नको मानू. माह्या पोरीनं ऐकलं असतं, तं तिनं सांगतलं असतं. तशी नाई ते."

"नाई नाई, भाऊ," तो म्हणाला. "पोट्टी चांगलीच हाये."

त्या संध्याकाळी आईने त्याच वांग्यांचं भरीत केलं. पप्पा म्हणाले, वांगं अस्सल आहे. मी दोन वेळा वाढून घेतलं, कारण नाही घेतलं असतं तर आईने विचारलं असतं.

जेवणानंतर मी वर गेले आणि दीड पान पुसलं. सरांच्या धमकीमुळे ते दीड पान पुसलं, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. पण धमकी जिन्यातल्या त्या दिवसापासून होतीच, आणि तिच्यासकट मी तीन दिवस खरं लिहीत होते. 'नाही' म्हणून झाल्यावर खरं लिहायचं तर आधी खाली जाऊन पप्पांना सांगावं लागलं असतं. चौदा पायऱ्या आहेत आमच्या घरात. मी उतरले नाही. नवीन निवेदन अर्ध्या पानाचं झालं. इन्स्ट्रक्टर हेडसेटवर होते. वाहनाला परवानगी दिली गेल्याची मला माहिती नाही. शाळेने मला इंग्रजी चांगलं शिकवलं होतं, कुठे अडखळायला झालं नाही.

चौकशीवाल्यांनी मला एकदा बोलावलं. तिघं होते. एकाने विचारलं, "लाल पट्टी का नव्हती?" मी म्हणाले, "गाडी आत आहे हे कोणाला माहीतच नव्हतं, सर." तिघांनीही ते लिहून घेतलं. वाक्य चांगलं बसलं होतं. माझ्या नजरेत धावपट्टी नीट आली नाही, म्हणून काही तास वाढवून घ्यायला सांगितलं, आणि वेळेवर विमान वर पाठवल्याबद्दल शाबासकीची एक ओळ. वाढीव तास दुसऱ्या इन्स्ट्रक्टरांकडे झाले. परीक्षा झाली. मला रेटिंग मिळालं. आईने कॉलनीत पेढे वाटले. सरांची त्यांच्या गावाजवळ बदली झाली. त्यांनी जाताना थर्मास पुढच्या मुलाला दिला आणि मला म्हणाले, "मोठी हो." त्यांना माझ्या डोळ्यांत बघता आलं. मला त्यांच्या डोळ्यांत बघता आलं नाही.

जीपवर नवा माणूस आला. वॉकीटॉकीचं रेकॉर्डिंग दुरुस्त झालं. इन्स्ट्रक्टरने हेडसेट काढायचा नाही, असा कागद दारावर लागला. तीन आठवडे सगळ्यांनी पाळला.

दिवाळीच्या आधी पप्पांचा फोन आला. इकडचंतिकडचं झालं, मग म्हणाले, "तो उंद्रीचा मानूस भेटला होता बजारात. माल वाहाचा ऑटो चालवून राह्यला आता. तुले नमस्कार सांगतला त्यानं."

"मी पण सांगितला म्हणा."

"हाव, म्हनलं म्या. तुह्यं रेटिंग झालं, तेही सांगतलं. लय खूश झाला."

ती घटना आता शिकवायच्या सामग्रीत आहे. नावं काढून, दोन पानांत. नव्याने आलेल्यांना ती वाचायला देतात, वाचल्याची सही घेतात, आणि रेटिंग असलेलं कोणीतरी त्यांच्याशी चर्चा करतं. गेल्या महिन्यात ते काम माझ्याकडे आलं. समोर दोन मुली आणि एक मुलगा. पहिलं वाक्य असं आहे, की एक वाहन परवानगीशिवाय धावपट्टीवर शिरलं. त्यातली एक मुलगी माझ्यासारखीच, हळू बोलणारी. तिला दोनदा विचारावं लागलं, तेव्हा ऐकू आलं.

"मॅडम, ड्रायव्हर प्यायलेला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "पीत नव्हता तो."

"मग असा कसा शिरला?" मुलगा म्हणाला. "वेडाच असेल."

दुसरी मुलगी हसली. हळू बोलणारीने माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणेन, असं तिला वाटलं असावं. मी सहीचा कागद पुढे केला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.